दादाला गेटवरूनच परत पाठवलं, आता कायदा कुठे शोधू?

"ताई, नमस्कार. माझा दादा चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत सीएनसी ऑपरेटर होता, ४ वर्षं झाली, दर वर्षी नवीन लेटर द्यायचे. गेल्या महिन्यात एक दिवस सिक्युरिटीने गेटवर अडवलं, तुमचं कार्ड बंद आहे म्हणाला, एचआरला फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. दादा असा ८ दिवस रोज जाऊन परत आला आणि मग पोस्टाने पत्र आलं की तुम्ही न कळवता गैरहजर आहात. आता तो फारसं बोलतच नाही. मी रात्री मोबाईलवर शोधत बसते. एक व्हिडिओ म्हणतो कलम ६६ प्रमाणे ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागते, व्हॉट्सॲपवर आलंय की आता सगळ्यांना १ वर्षात ग्रॅच्युइटी, एआयला विचारलं तर त्याने मुंबई हायकोर्टाचा एक निकाल दिला, तो कुठेच सापडत नाही. वकिलाला द्यायला आत्ता पैसे नाहीत. खरं काय ते बघायचं कुठे?"
– एक बहीण, भोसरी

अगं, शोधायचं कुठे ते सगळं सांगते, पण त्याआधी एक काम आजच्या आज करा. कंपनीच्या त्या पत्राला लेखी उत्तर द्या. साधं चालेल, दादाच्या हाताने लिहिलेलं चालेल, की मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोज कामावर आलो, मला गेटवर अडवलं, कार्ड बंद केलंय असं सांगितलं, मी गैरहजर नाही आणि आजही कामावर यायला तयार आहे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, तेच पत्र ईमेलवरही टाका. मी २२ वर्षं युनियनच्या ऑफिसात कामगारांची कागदपत्रं बघतेय, आणि गेटवर अडवायचं मग गैरहजेरीचं पत्र पाठवायचं हा प्रकार इतक्यांदा बघितलाय की तुझ्या पत्राची पहिली चार वाक्यं वाचूनच पुढचं कळलं. उत्तर न देता गप्प बसलं की पुढे कंपनी म्हणते, बघा, याला कामावर यायचंच नव्हतं. म्हणून आधी पत्र, मग सर्च.

आता तुला सापडलेल्या तीन गोष्टी. त्या तिन्हींमधून तुला शोधायचं कसं तेच कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते कलम ६६ खरंच होतं. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम १९४८, त्यात लिहिलं होतं की १ वर्ष नोकरी झालेल्याला ३० दिवसांची आणि ३ महिने झालेल्याला १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काढता येणार नाही. पण तो कायदाच आता नाही. १९ डिसेंबर २०१७ पासून त्याच्या जागी महाराष्ट्राचा २०१७ चा नवीन दुकाने आणि आस्थापना कायदा आला आणि त्यात हे नोटिशीचं कलम घेतलेलंच नाही. हे मला चांगलं माहितीय कारण २०१८ मध्ये एका कपड्याच्या दुकानातल्या मुलाला घेऊन मी कामगार अधिकाऱ्यांसमोर गेले होते, हातात नेटवरून काढलेली कलम ६६ ची प्रिंट, आणि मालकाच्या सल्लागाराने एक शब्द न बोलता नवीन कायदा टेबलावर ठेवला. तो मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की काळजी करू नको, कायदा आपल्या बाजूने आहे. त्या दिवसापासून मी कुठलंही कलम त्याची आजची स्थिती बघितल्याशिवाय कुणाला सांगत नाही.

आणि तुझ्या बाबतीत तर अजून एक गोष्ट, दादा कारखान्यात होता, दुकानात किंवा ऑफिसात नाही, म्हणजे दुकानांचा कायदा नवा असो की जुना, त्याला लागूच होत नाही. व्हिडिओवाला कदाचित चांगल्या मनाने बोलत असेल, पण तो कुणासाठी बोलतोय आणि कुठल्या साली बोलतोय हे त्याने सांगितलं नाही आणि आपणही बघितलं नाही. कुठलाही कायदा वाचायला घेतलास की हे दोन प्रश्न आधी विचार, हा आपल्याला लागू आहे का आणि हा आज चालू आहे का. लागू आहे का हे बहुतेक वेळा कायद्याच्या पहिल्या दोन-तीन कलमांतच लिहिलेलं असतं, किती कामगार असले की लागू, कुठल्या जागेला लागू, 'कामगार' म्हणजे कोण. लोक ती व्याख्यांची पानं कंटाळून सोडून देतात आणि तिथेच फसतात. हाच २०१७ चा कायदा बघ, तो १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना पूर्ण लागू होता, २०२५ मध्ये राज्य सरकारने ती १० ची मर्यादा २० वर नेली. म्हणजे १२ माणसांच्या दुकानातल्या मुलाने २०२३ मधला एखादा अगदी चांगला लेख वाचला तरी तो चुकणारच.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना एकरकमी मिळणाऱ्या पैशांचा मेसेज हा अर्धवट खरा आहे, आणि अर्धवट खरं जास्त त्रास देतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता चालू झाल्या, वेतन संहिता २०१९ आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा या २०२० च्या तीन, आणि जुने २९ केंद्रीय कायदे त्यात घेतले गेले. सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ उघडून वाच, नेहमीच्या नोकरीला ५ वर्षांची अट तशीच आहे. सूट कुणाला, तर मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर, आणि ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्याची मुदत संपली तर. आणि ते १ वर्ष कुठून आलं, तर औद्योगिक संबंध संहितेत 'ठराविक मुदतीची नोकरी' याची व्याख्या आहे त्यात लिहिलंय की अशा कामगाराने करारावर १ वर्ष काम केलं की तो ग्रॅच्युइटीला पात्र. म्हणजे 'सगळ्यांना' हे खोटं, पण दादाला कदाचित खरं, कारण त्याला दर वर्षी नवीन लेटर देत होते. ती चारही लेटर बाहेर काढ आणि त्यात मुदत लिहिलीय का, कधीपासून कधीपर्यंत, हे बघ. नेटवर शंभर लेख वाचून जे कळणार नाही ते त्या लेटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सापडेल.

या संहितांमुळेच नेटवर आत्ता सगळ्यात जास्त गोंधळ आहे. संसदेने त्या २०१९ आणि २०२० मध्ये पास केल्या पण चालू झाल्या नोव्हेंबर २०२५ ला, आणि मधली पाच-सहा वर्षं लोक लिहीत होते की कायदा बदलला, आता असं होणार, तसं होणार. ते सगळे लेख अजून तिथेच आहेत. आणि त्याच्या उलट, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यावरचे लेख पण तिथेच आहेत. म्हणून कायद्याचं नाव आणि साल बघून थांबू नकोस, तो अंमलात कधी आला ते बघ. ती अंमलाची तारीख वेगळ्या अधिसूचनेने ठरते आणि ती राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत गॅझेटमध्ये येते. केंद्राचं ई-गॅझेट ऑनलाईन फुकट आहे, महाराष्ट्र शासनाचं राजपत्रही ऑनलाईन मिळतं, आणि वाद झाला तर शेवटी राजपत्रातलाच मजकूर खरा धरतात. आणि नवीन नियम येईपर्यंत जुने नियम संहितेच्या विरोधात नसतील तेवढे चालू राहतात, त्यामुळे कुणी 'जुनं सगळं रद्द' असं एका वाक्यात सांगत असेल तर तिथून पुढे जा.

कायद्याचा मजकूर वाचायला इंडिया कोड ही सरकारी साईट आहे, केंद्राचे आणि राज्यांचे कायदे कलमानुसार तिथे मिळतात, महाराष्ट्र निवडलंस की राज्याचे कायदे येतात. कलमाच्या खाली बारीक अक्षरात तळटीपा असतात, अमुक साली हे शब्द बदलले, अमुक साली घातले, त्या वाचायच्याच. कधीकधी तिथे नवीन दुरुस्ती चढायला वेळ लागतो, म्हणून महत्त्वाचं कलम असेल तर राजपत्रात पण बघून घ्यायचं. साईटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन आहे ना ते बघ, कारण सरकारी वाटावी अशी नावं घेतलेल्या खासगी साईट खूप आहेत आणि त्या फॉर्म भरायला लावून पैसे मागतात.

आता एआयने दिलेला निकाल. तुला तो सापडत नाही कारण बहुतेक तो नाहीच. नाव खरं वाटतं, साल असतं, नंबर असतो, आणि मागे काही नसतं. असं फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नकोस, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक इन्कम टॅक्सचं प्रकरण आलं, त्यात अधिकाऱ्याने आपल्या आदेशात असे अस्तित्वातच नसलेले निकाल घातले होते, कोर्टाने तो आदेश रद्द केला. एआयला इंग्लिश परिच्छेद मराठीत समजावून सांगायला लाव, पत्राचा मसुदा नीट करायला लाव, मी पण करते. पण त्याने कलम सांगितलं की इंडिया कोडवर बघायचं आणि निकाल सांगितला की तो स्वतः उघडून वाचायचा. उघडला नाही तर तो निकाल नाही, एवढं सरळ.

निकाल शोधायला मी स्वतः आधी इंडियन कानूनवर जाते. सरकारी नाही, एका माणसाने २००८ मध्ये सुरू केलेली साईट आहे, पण फुकट आहे आणि सर्च फार चांगला आहे. दोन-तीन शब्दांचा गट अवतरण चिन्हात टाकायचा म्हणजे ते शब्द सलग असलेलेच निकाल येतात, कोर्टाच्या यादीतून मुंबई निवडायचं, आणि तारखेप्रमाणे लावायचं. दादासाठी शोधायचा शब्द 'अबॅन्डनमेंट' हा आहे, म्हणजे कामगार स्वतःच नोकरी सोडून गेला असं मालकाचं म्हणणं, त्याच्यासोबत 'वर्कमन' टाक. त्यात तुला एक निकाल परत परत दिसेल, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९९३. त्या कंपनीचा नियम होता की ८ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं की नोकरी आपोआप गेली. तो कामगार म्हणत होता की मला गेटवर अडवलं. कोर्टाने सांगितलं की चौकशी न करता, त्याचं म्हणणं न ऐकता असं नाव कमी करता येणार नाही, आणि त्याला ५० टक्के मागच्या पगारासह परत कामावर घ्यायला लावलं. हे वाचून दाखव दादाला. ३० वर्षांपूर्वीच्या एका कामगाराची गोष्ट आणि त्याची गोष्ट एकच आहे, हे कळलं तर तो थोडा बोलायला लागेल असं मला वाटतं.

निकाल वाचताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे निकालाच्या मधल्या भागात दोन्ही वकिलांनी काय सांगितलं ते कोर्ट लिहून घेतं, ते परिच्छेद फार ठासून लिहिलेले असतात, आणि लोक त्याचाच स्क्रीनशॉट काढून 'कोर्टाने म्हटलं' म्हणून फिरवतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला 'लर्नेड काउन्सेल सबमिटेड' असं काही असेल तर ते वकिलाचं म्हणणं आहे, कोर्टाचं नाही. कोर्टाचं शेवटी असतं. मुंबई हायकोर्टात अगदी शेवटच्या ओळी बघ, 'रूल मेड ॲब्सोल्यूट' म्हणजे अर्ज करणाऱ्याचं म्हणणं मान्य झालं, 'रूल डिस्चार्ज्ड' म्हणजे फेटाळलं. आणि अर्ज कुणी केला होता, कामगाराने की कंपनीने, हे पहिल्या पानावर बघितलं नाहीस तर नेमका उलटा अर्थ लागेल.

दुसरी चूक म्हणजे तो निकाल पुढे टिकला का ते न बघणं. एका शिक्षिकेचं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे, दीपाली सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय. शाळा न्यायाधिकरणाने त्यांना मागच्या पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो मागचा पगार काढून टाकला. आता कुणी हायकोर्टाचा निकाल वाचून थांबला तर तो सांगेल की मागचा पगार मिळत नाही. पण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पगार परत मिळवून दिला आणि मागच्या पगाराबद्दल असं काही स्पष्ट लिहून ठेवलं की आजही कामगार न्यायालयात त्याचं नाव घेतल्याशिवाय वाद होत नाही. इंडियन कानूनवर निकालाच्या वरच्या बाजूला 'साइटेड बाय' म्हणून लिंक असते, पुढच्या कुठल्या निकालांनी याचा उल्लेख केला ते तिथे दिसतं, ती दाबायची सवय लाव. आणि शेवटी जो निकाल तू वापरणार आहेस त्याची प्रत अधिकृत ठिकाणाहून डाउनलोड कर, सुप्रीम कोर्टाची ई-एससीआर ही निकालांची ऑनलाईन साईट आहे, २०२३ पासून सगळ्यांना फुकट, आणि मुंबई हायकोर्टाची स्वतःची साईट आहे. काही निकालांची मराठी भाषांतरं पण त्यांनी ठेवलीत, समजायला ती वाच, मात्र प्रमाण इंग्लिश मजकूरच मानतात. इंग्लिश शब्द अडले तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शासनाच्या मराठी शब्दकोशांच्या साईटवर आहे.

अजून एक, तू शोधशील तेव्हा पहिल्या पानावर कन्सल्टंट लोकांचे, पेरोल सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे आणि मोठ्या लॉ फर्मचे लेख येतील. ते वाच, त्यात कलमांचे नंबर सहसा नीट असतात आणि बदल लवकर येतात, पण ते मालकासाठी लिहिलेले असतात. 'कंपनीने काय काळजी घ्यावी' असं असतं सगळं. त्यातलं कलम उचल आणि मूळ कायद्यात जाऊन कामगाराच्या बाजूने वाच. उदाहरण देते, वेतन संहितेचं कलम १७, तिथे लिहिलंय की कामगाराला काढलं किंवा त्याने राजीनामा दिला की त्याचा सगळा पगार कामाच्या २ दिवसांत द्यायचा. मालकांसाठीच्या लेखात ही पेरोलच्या वेळापत्रकाची अडचण असते. तुमच्यासाठी तो दादाचा अडकलेला पगार आहे.

तक्रार कुठे करायची तेही नेटवर चुकीचं मिळतं. केंद्राचं समाधान पोर्टल दिसलं की लोक तिथे तक्रार टाकतात आणि वाट बघत बसतात, पण ते केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी आहे. चाकणची खासगी कंपनी राज्याच्या कामगार विभागाकडे येते, म्हणजे पुण्याचं कामगार आयुक्त कार्यालय. आणि आपल्या राज्याचा १९७१ चा एक कायदा आहे, ज्याला सगळे पीयूएलपी म्हणतात, अनुचित कामगार प्रथा रोखणारा. तो राज्याचा आहे, त्या २९ मध्ये नाही. त्याची अनुसूची ४ इंडिया कोडवर काढून वाच, फार मोठी नाही, १० बाबी आहेत. पहिली बाब सूडबुद्धीने किंवा खोटं कारण दाखवून काढण्याबद्दल आहे, सहावी आहे वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून परमनंटचे फायदे न देण्याबद्दल. चार वर्षं, चार लेटर, तूच बघ. पण त्यात तक्रार करायला घटनेपासून ९० दिवस असतात. उशिराचं योग्य कारण असेल तर कोर्ट ऐकतं, पण त्यावर अवलंबून राहू नका. गेटवर अडवलेला पहिला दिवस कॅलेंडरवर लिही आणि तिथून मोज, तुमचा महिना तर गेलाच आहे.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणतेस, तर हे नीट वाच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, त्यात फुकट वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे आणि त्या यादीत औद्योगिक कामगार हा वेगळा लिहिलेला आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयातच आहे, किंवा १५१०० वर फोन करा. मोबाईलवर शोधून तू तयार होशील, प्रश्न नीट विचारशील, कुणी काहीही सांगितलं तर ओळखशील, पण केस वकिलानेच लढवायची आहे, आणि तो मागायचा दादाला हक्क आहे.

जाताना काय काय न्यायचं, तर चारही लेटर, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट. आणि दादाचं पीएफचं पासबुक ईपीएफओच्या साईटवरून आजच डाउनलोड कर, यूएएन म्हणजे त्याचा पीएफचा नंबर टाकून. त्यात दर महिन्याला पैसे कुठल्या आस्थापनेच्या नावाने भरले ते दिसतं, कधीकधी कामगाराला वाटतं मी कंपनीचा आणि पासबुकात नाव असतं ठेकेदाराचं, असं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का तेही बघ आणि स्क्रीनशॉट काढून ठेव. पत्रात गैरहजर म्हणतात आणि तिकडे आधीचीच तारीख टाकून मोकळे झालेले असतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

कंपनीचं ते पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट घरात असेल तर शोध. पोस्टाचा शिक्का आणि पत्रावरची तारीख ताडून बघ. दोन्हींत फरक असेल तर पाकीट पत्रालाच पिन कर आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढून मग वकिलाकडे जा.